डोळे मिटून ऐकलेलं पाणी

चहा गार झाला तरी चालंल गड्या, पण हे ऐक. माणमधल्या आमच्या वाडीत नळ आठवड्यानं येतो, तोबी भर रात्री. पाण्याचा आवाज आला की अख्खं घर उठून भांडी भरतंय.

तिथली माझ्या शाळेची पोरं घेऊन मी पाचगणीकडच्या निसर्ग केंद्रावर गेलो. तिथल्या ताईंनी आमाला ओढ्याकाठी बसवलं. "डोळे मिटा, नुसतं पाणी ऐका."

मी मिटले, अन् त्या आवाजात लय लांब तरंगत गेलो. उघडले, तर पोरं ओढ्यात वाकून बाटल्या, डबे भरतायत!

"रुक्साना, अगं हे काय?"

"गुरुजी, तुमीबी भरून घ्या, पाणी जाईल!"

ताई हसल्या. "हे जात नाही गं. रात्रंदिवस वाहतं."

रुक्सानानं डबा हळूच खाली ठेवला. ओढ्याकडं बघत राहिली.

"मग हितली माणसं रात्रीची उठत्यात कशाला?"