भात्याचा दम

हसू नका, मी चर्चात गायला न्हाई, भाता मारायला जायचो. चर्चातल्या मोठ्या बाजाच्या मागं उभं ऱ्हाऊन भात्याचा दांडा खालीवर करून हवा भरली, तरच बाजा वाजायचा. पण रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकून टाकून माजी छाती धुरानं भरलेली. दुसरी ओळ सरली की धाप लागायची, हात थांबायचा आन् बाजा रडायचा.

एका ऐतवारी पाद्री तापले. "मास्तर, हा माणूस बदला!"

बाजा वाजवणारे मास्तर एवढंच म्हणाले, "बघतो."

मला वाटलं, गेलं काम. सोमवारी मास्तरांनी बोलावलं. "धोंडिबा, तुला जमेल तसा भाता मार. घाई नको." आन् माज्या छातीकडं बघत कागदावर कायतरी लिवत बसले.

पुढच्या ऐतवारी मास्तरांनी लिवलेली नवी चाल. दुसरी ओळ सरली, माजा हात थांबला. डोळे मिटले, आता बाजा रडणार! तर बाजा गप. गोरे सायेब, मडमा, पाद्री, समदी गप. मी दम घेतला, तवा समद्या चर्चानं दम घेतला. दांडा हलला आन् गाणं असं उठलं, की अंगावर काटा आला.

आता भात्याला विजेची मोटार हाये. तिला कुटं धाप लागतीय? पण त्या चालीत दुसऱ्या ओळीला समदी अजून थांबत्यात. का, ते एकालाबी ठावं न्हाई.