मुखवट्यामागचे पाय

हॅलो?… हां, हर्षू, बोल. कोर्टाबाहेरच उभी आहे, सीबीएसजवळ. जरा मोठ्यानं, बस मागे घेतायत.

नाही गं, निकाल कुठला! सोमवारची तारीख दिली. अगं ऐक ना… प्रफुल्लदादाचा वकील म्हणाला, बोहाड्याच्या उत्सवात देवीचा मुखवटा पुरुषानंच घालून नाचायचं. मुलगा नसला तर पुतण्यानं, म्हणजे दादानं. आपले वकील म्हणाले, कुठल्या कायद्यात लिहिलंय? तर जजसाहेब म्हणाले… हो, हो, सांगते… म्हणाले, कायद्यात बोहाडाच नाही. पण कायदा गप्प आहे म्हणून मला गप्प बसता येत नाही. रूढी काय ते दाखवा. तीही नाही कळली, तर न्यायाला धरून मी ठरवीन.

म्हणजे साक्षीदार गं! बाईनं कधी मुखवटा घातला का, ते सांगणारं जुनं माणूस.

पुंजाबाबा? नावच काढू नकोस! चाळीस वर्षं अण्णांपुढे संबळ वाजवला, आणि परवा दादाच्या ओट्यावर जेवत होता. उगाच जेवू घालतं का कुणी?

सहज गेला? कोण म्हणालं?… आई? तिचंही मला काही खरं वाटत नाही. दादानं केस टाकली तशी तोंड उघडत नाही. अण्णांनी जाताना मुखवटा माझ्या हातात दिला, हे तिनं पाहिलंय ना? मग बोलत का नाही? दादानं तिलाही फितवलंय… बरं, रडू नकोस. पण तू तरी माझ्या बाजूची आहेस ना? घे माझी शपथ.

काय? पुंजाबाबा आपल्याकडे बसलाय? आत्ता? काय पाहिजे त्याला?

कुठल्या वर्षी?… अण्णांचा पाय मोडला तेव्हा? छे, तेव्हाही अण्णाच नाचले. मी पाया पडले होते की, मुखवटा घातलेल्या…

थांब. पायाला प्लास्टर नव्हतं.

हर्षू, प्लास्टर नव्हतं गं. मग कोण?

…आई?

अकरा वर्षं? आणि अण्णा?… घरात लपून बसायचे? कुणालाच कळलं नाही?… पुंजाबाबाला पावलांवरून. हो, त्याला कळणारच. मग दादाकडे कशाला गेला?… केस मागे घे म्हणायला. आईचं नाव चावडीवर नको म्हणून.

दे. आईला दे फोन.

आई… अगं, मला तरी सांगायचंस. अण्णांना शब्द दिला होतास? हं… हं… अगं पण हीच तर रूढी! अकरा वर्षं गाव तुझ्याच पाया पडलं. सोमवारी सांगशील जजसाहेबांना?… हो, गाव बोलेल. कसं नाही बोलणार? मी खोटं नाही सांगत. तुला नको असेल तर…

काय विचारतेस?… नाही गं, कोर्टात चपला काढाव्या लागत नाहीत. सोमवारी ये तशीच.

आई, ऐक ना. मी तुझ्यावरच संशय घेतला. मला फार…

हॅलो? आई?… हॅलो?