इमारत रिकामी झालेली आहे

सुरक्षा अधिकारी: पुन्हा बोला. कुठून बोलताय म्हणालात?

नकाशाबाई: तिसऱ्या मजल्यावरून. नकाशा विभाग. माझ्याच टेबलावरून.

सुरक्षा अधिकारी: शक्यच नाही. इमारत रिकामी झालेली आहे. आत्ताच मी कर्ण्यावरून जाहीर केलं.

नकाशाबाई: ऐकलं की. आवाज अगदी खणखणीत आला. मागून टाळ्याही आल्या.

सुरक्षा अधिकारी: अहो बाई, आगीची ड्रिल चालू आहे! भोंगा वाजला, सगळं ऑफिस खाली आवारात उभं आहे, आणि तुम्ही टेबलावर?

नकाशाबाई: टेबलावर नाही, टेबलामागे. चाकाच्या खुर्चीतून टेबलावर चढता आलं असतं, तर जिनाही उतरले असते.

सुरक्षा अधिकारी: मग लिफ्टनं...

नकाशाबाई: लिफ्ट तुम्हीच बंद करायला लावलीत. आग लागली की लिफ्ट वापरायची नाही. चांगला नियम आहे, माझी तक्रार नाही.

सुरक्षा अधिकारी: त्याच नियमात पुढे असंही आहे, की चाकाच्या खुर्चीतल्या माणसानं जिन्याच्या तोंडाशी थांबून मदतीची वाट पाहावी.

नकाशाबाई: थांबले होते. चहाचा कप घेऊन थांबले होते. तुमच्या टाळ्या वाजल्या तेव्हा म्हटलं, आता फोन करावा. साहेब, एक विचारू? मदत म्हणजे नेमकं कोण?

सुरक्षा अधिकारी: मदत म्हणजे... नेमलेला माणूस.

नकाशाबाई: कोणाला नेमलंय?

सुरक्षा अधिकारी: मला.

नकाशाबाई: अगंबाई! मग तुम्हाला कळवायलाच हवं. मी जळून खाक झाले.

सुरक्षा अधिकारी: शुभ बोला हो! मी येतो वर. फोन ठेवू नका. म्हणजे ठेवा. पण हलू नका.

नकाशाबाई: कुठे हलतेय! आणि येताना ती जिन्याची खुर्ची घेऊन या.

सुरक्षा अधिकारी: कसली खुर्ची?

नकाशाबाई: पिवळी, घडीची. माणसाला बसवून जिन्यावरून हळूहळू खाली उतरवता येतं ती. कायद्यानं ठेवावी लागते म्हणून मागवली होती ना? आली त्या दिवशी तुम्ही तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतलात.

सुरक्षा अधिकारी: हां हां, ती होय! ती अगदी सुरक्षित आहे. माझ्या कपाटात, कुलूप लावून.

नकाशाबाई: तुमचं कपाट तळमजल्यावर ना?

सुरक्षा अधिकारी: हो.

नकाशाबाई: म्हणजे वरच्या माणसाला खाली आणायची खुर्ची खाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

सुरक्षा अधिकारी: चोरीला जाईल म्हणून ठेवली हो. मामा! ओ लिफ्टमामा! लिफ्ट बंद आहे ना, मग बसून काय राहिलात? चला माझ्याबरोबर, एक ओझं उचलायचंय.

(दोघे खुर्ची घेऊन जिन्याने तिसऱ्या मजल्यावर येतात.)

लिफ्टमामा: ताई, आलो बघा. साहेबांना आधी पाणी द्या. तिसरा मजला किती उंच आहे ते त्यांना आजच कळलं.

सुरक्षा अधिकारी: मला... काहीही... झालेलं नाही.

नकाशाबाई: घ्या, सावकाश प्या. अरे देवा, खुर्चीचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही!

लिफ्टमामा: जपून ठेवली म्हणजे किती जपून!

सुरक्षा अधिकारी: बाई, आता स्पष्टच बोलतो, राग मानू नका. याचसाठी मी म्हणत होतो, तुम्ही तळमजल्यावर या. चौकशीच्या खिडकीत. वर पंखा, दार हाकेच्या अंतरावर. आग लागली की सगळ्यांच्या आधी तुम्ही बाहेर. ड्रिल झाली की आजच मोठ्या साहेबांना तसं सांगायचं ठरलंय.

नकाशाबाई: ठाऊक आहे मला.

सुरक्षा अधिकारी: कोणी सांगितलं?

नकाशाबाई: मामांनी.

लिफ्टमामा: आईशप्पत, मी चकार शब्द काढलेला नाही!

नकाशाबाई: म्हणूनच तर कळलं. इतकी वर्षं रोज सकाळी लिफ्टचं दार लावून हे मला विचारतात, "ताई, कितवा मजला?" मी कुठे जाणार ते पक्कं ठाऊक असून! कधी मी म्हणते चंद्रावर सोडा, कधी म्हणते तुमच्या सासुरवाडीला. आज दार लावलं आणि नुसते उभे. चेहरा असा, की मीच यांना कुठेतरी पोहोचवायला निघालेय.

लिफ्टमामा: कसं विचारणार, ताई? साहेब म्हणाले होते, उद्यापासून तुमचा मजला बदलणार.

सुरक्षा अधिकारी: अहो, मी तुमच्या जिवाच्या काळजीनं म्हणालो.

नकाशाबाई: काळजी खोटी नाही, दिसतंय मला. पण साहेब, हे टेबल बघा. गावातल्या पाण्याच्या सगळ्या पाइपलाइन इथे कागदावर येतात. कुठे फुटली, कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, ते इथून सांगितलं जातं. हे टेबल या खोलीतच जोडलंय, दारातून बाहेर निघत नाही. आणि इथे बसायला मला अर्धं आयुष्य लागलंय. चौकशीच्या खिडकीत बसून मी काय करू? "पुढच्या खिडकीवर जा" म्हणू?

लिफ्टमामा: म्हटलं तरी लोक जात नाहीत.

सुरक्षा अधिकारी: पण धोका आहे तो आहेच ना?

नकाशाबाई: तो सगळ्यांनाच आहे. मोठ्या साहेबांचे गुडघे बघा, आणि बसतात चौथ्या मजल्यावर. त्यांना आणताय का खिडकीत? कायदा साधा आहे हो. अपंग माणूस कामापर्यंत पोहोचेल अशी सोय करा, आणि संकटात सुखरूप बाहेर पडेल अशीही सोय करा. दोन्ही संस्थेचंच काम. सोय करायचा कंटाळा आला तर माणूसच हलवा, असं त्यात कुठेही नाही. मी खूप शोधलं. सापडलं असतं, तर तुम्हाला खूण करून दिलं असतं.

सुरक्षा अधिकारी: तुम्ही हसत हसत भांडता. माणसाला चिडायचीसुद्धा सोय ठेवत नाही.

नकाशाबाई: मग चिडू नका, खुर्ची उघडा. मला आज जिन्यानं खाली न्या. नेता आलं नाही तर मोठे साहेब तुमचंच ऐकतील, आणि माझं टेबल जाईल, हे मला कळतं. म्हणून नीट न्या.

सुरक्षा अधिकारी: बरं. बसा.

नकाशाबाई: मी? पहिला प्रयोग माझ्यावर? आधी तुम्ही बसा. मामा धरतील, मी सांगते कसं ते.

सुरक्षा अधिकारी: मी कशाला? माझे पाय...

नकाशाबाई: चालू आहेत, माहीत आहे. बसा.

लिफ्टमामा: बसा साहेब, हा पट्टा छातीवरून, हा पायांवरून. झालं. चला, निघाली गाडी!

सुरक्षा अधिकारी: हळू! मामा, हळू! अहो, कडेला टेकवा! थांबवा!

लिफ्टमामा: साहेब, ब्रेक माझ्या हातात आहे. तुम्ही फक्त ओरडायचं काम करा.

नकाशाबाई: मामा, मूठ सोडली की खुर्ची आपोआप थांबते का बघा. थांबली? छान. साहेब, डोळे उघडा आता.

सुरक्षा अधिकारी: उघडेच आहेत. आत्ताच उघडले. बाई, पाय टेकता येत नाहीत तेव्हा पाठीमागे कोण आहे, एवढंच मनात येतं हो.

नकाशाबाई: हो ना. मघाशी मी जिन्यापाशी थांबले होते, तेव्हा माझ्याही मनात तेच आलं.

सुरक्षा अधिकारी: माझं चुकलं. नुसता कागदावर नेमलेला माणूस होतो मी. चुकलंच.

नकाशाबाई: असू द्या. खुर्ची परत वर घ्या, आता माझी पाळी. तुम्ही धरा.

सुरक्षा अधिकारी: मी? मामांना आता सवय झालीय, ते...

नकाशाबाई: नेमलेला माणूस कोण?

सुरक्षा अधिकारी: मी. धरतो. पट्टे नीट बसले? निघू? निघालो हं.

नकाशाबाई: अहाहा! सरळ जातेय की! साहेब, हात घट्ट आहे तुमचा. अगं बाई, इथे खिडकी आहे? जिन्यात?

लिफ्टमामा: पहिल्यापासून आहे, ताई.

नकाशाबाई: या इमारतीचा आराखडा मी स्वतः काढलाय, मामा. जिनासुद्धा काढलाय. पण पाहतेय आज पहिल्यांदा. आणि हे कोण? मांजर! जिन्यात मांजर राहतं, मला कुणी सांगितलं नाही कधी?

लिफ्टमामा: दुसऱ्या मजल्याची आहे ती. हिशेब विभाग दूध घालतो.

नकाशाबाई: थांबवा जरा. हिला बघू द्या. काय गं, तू ड्रिलला खाली गेली नाहीस?

सुरक्षा अधिकारी: म्हणजे मी दोघींना विसरलो.

नकाशाबाई: चला आता. सावकाश. वळणावर डावीकडे... शाब्बास.

लिफ्टमामा: आलो खाली! ऐका, आवारात टाळ्या वाजतायत. मघाच्यापेक्षा जोरात.

सुरक्षा अधिकारी: जरा तो कर्णा द्या इकडे. ऐका हो सगळे! मघाशी मी जे सांगितलं ते साफ चुकीचं होतं. इमारत आत्ता रिकामी झालेली आहे. एक मांजर सोडून.

नकाशाबाई: काय हो, सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?

सुरक्षा अधिकारी: होती. आणि ते बदलीचं... मोठ्या साहेबांना आजच सांगतो, एक बदली नक्की करायचीय.

नकाशाबाई: कोणाची?

सुरक्षा अधिकारी: या खुर्चीची. माझ्या कपाटातून तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या भिंतीवर. कुलूप नाही, काही नाही. आणि दर महिन्याला मी येऊन तुम्हाला खाली नेणार. हाताला सवय हवी.

नकाशाबाई: या की. पण मग मांजरीसाठी काहीतरी घेऊन या.

सुरक्षा अधिकारी: मामा, ड्रिल संपली. लिफ्ट सुरू करा, बाईंची चाकाची खुर्ची वरून आणा, आणि बाईंना... मामा, डोळे कसले पुसताय?

लिफ्टमामा: धूर गेला साहेब, डोळ्यात.

सुरक्षा अधिकारी: आग कुठे होती?

लिफ्टमामा: तुम्हीच म्हणालात ना, आग आहे असं समजायचं. (लिफ्टने वर जाऊन चाकाची खुर्ची घेऊन येत) ही आणली बघा खुर्ची. बसा ताई. पाय आत घ्या, दार लावतो.

नकाशाबाई: लावा.

लिफ्टमामा: ताई, कितवा मजला?