एसी आणि उघडं दार

"आई, एसीत बिघाड न्हाई, तूच दार उघडं ठेवून राहिली!" पोरगं खेकसलं.

"दिवसाढवळ्या दार काहून लावू? घरात मयत झाली का?" मी काय ऐकून घेणारी!

कळमनुरीच्या उन्हात मला तकलीफ नको म्हणून पोरानंच एसी बसवला, पण खोली थंड होईना. मेकॅनिकनं जाळी धुतली, गॅस बघितला अन् शेवटी दाराकडं बोट केलं. शेजारची शांताबाई रोज दुपारी माझ्याकडं बसायला यायची, आणि लावलेलं दार वाजवून आत येणाऱ्यांतली ती नव्हे. पण हे पोराला सांगू कसं? ती समोरच बसलेली! शेवटी तीच उठली. अजून सलतं ते. बाहेरून दार ओढून घेत म्हणाली, "लावा वैनी. मी काय रोज येते व्हय?"