बाजूच्या स्टुलावरून

— टेप ठेवा आधी खिशात. छप्पन्न इंच म्हणजे छप्पन्नच, कंपनी काही इंच-दीड इंच चोरून ठेवत नाही. आणि ते मासिकही मिटा. कुणी दिले हे पाच तारे? असल्या माणसानं कधी हा टीव्हीचा पेटारा दोन जिने चढवून वर नेलाय का? नाही. मी नेलेत. बारा वर्षं हेच करतोय — चढवायचे, जोडायचे, आणि तुमच्यासारखे लोक आले की त्यांचं शहाणपण ऐकून घ्यायचं. तर काय विचारत होतात, काळा घेऊ की राखाडी? उडदामाजी काळे गोरे, काय निवडावे निवडणारे. कंपन्या दोन, मालक दोन, जाहिरातीतल्या बायकासुद्धा दोन, पण आतला कारभार एकच — मागे पेटाऱ्यात प्रकाश, तो पडतो आरशावर, आणि आरशावरून पडद्यावर, मागच्या बाजूनं. झालं. एवढ्यासाठी तुम्ही तीन रविवार खर्च केलेत.

फरक? आहे ना फरक, नाही कसा. काळ्यात तीन नळ्या, लाल, हिरवी, निळी. तिन्ही चित्रं एकावर एक नीट बसली तर ठीक, नाहीतर बातम्या देणाऱ्या बाईला तीन नाकं. घरात कुणी जरा जोरात धक्का दिला की पुन्हा जुळवायला माणूस बोलवा. तो माणूस कोण? मीच. राखाडीत एकच दिवा. तो गेला की नवा मागवा आणि दोन महिने पेटाऱ्यावर फुलदाणी ठेवून बसा. माझ्या मेव्हण्याकडे राखाडी आहे. बायकोचा भाऊ — त्याला जगातलं सगळं आमच्या आधी कळतं. त्यानं राखाडी घेतला, म्हणून मी काळा घेतला. हसू नका, तुमचंही तसंच काहीतरी असणार. शेजाऱ्याकडे कुठला आहे? — बघा. मग मला कशाला विचारता.

काय? काका काय म्हणाले? ऐकलं मी. दाराजवळच्या स्टुलावर बसलेत ते तुमचे वडील ना? तुम्ही त्यांना तिथं बसवलंत, स्वतः इथं मधोमध उभे राहिलात, आणि इथूनच विचारलंत, बाबा, दिसतंय ना? ते म्हणाले, छान दिसतंय. छान दिसतंय म्हणे. तिथून.

माझेही म्हणायचे. आठ महिने म्हणत होते — त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, चालणं बंद झालं, म्हणून बाहेरच्या खोलीत खाट टाकली, दाराच्या बाजूला, भिंतीला लावून. टीव्ही कुणासाठी घेतला? त्यांच्यासाठीच. मी सगळ्यांना सांगायचो ना, बाबांसाठी मोठा पडदा आणलाय, पडल्या पडल्या बघतील. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. आणि ठेवला कुठं? सोफ्याच्या समोर. सोफ्यावर कोण बसणार? मी — आणि रविवारी मेव्हणा. त्याला दिसायला हवं होतं ना, की राखाडीपेक्षा आमचा काळा उजळ आहे. बाबा हसायचे बरं का, आम्ही हसलो की हसायचे. मॅच असली की विचारायचे, किती झाले? मी म्हणायचो, अहो पडद्यावर लिहिलंय की एवढं मोठं. चष्मा लावा. त्यांच्या डोळ्यावर चष्मा असायचा.

एकदाच म्हणाले. एकदाच, तेही दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना — ही खाट जरा फिरवता येईल का रे? मी काय म्हटलं असेल? म्हटलं, दार अडेल. दार काही अडलं नसतं, मी नंतर मोजून पाहिलं, वीतभर जागा उरत होती. पण तेव्हा म्हटलं, दार अडेल, आणि तुमचं काय, दिवसातले चौदा तास डोळे मिटलेलेच असतात. असं म्हटलं मी. तोंडावर. ते म्हणाले, राहू दे, छान दिसतंय. आणि ते मरण्याच्या आदल्या आठवड्यात मी दुकानात याच जागी उभा राहून एका बाईंना सांगत होतो, बाई, हे टीव्ही समोरून बघायचे, बाजूनं बघाल तर अंधार, खाली पडून बघाल तर ठार अंधार. पाठ आहे मला ते वाक्य. दिवसातून दहा वेळा म्हणतो. घरी एकदाही आठवलं नाही.

ते गेल्यावर गादी गुंडाळायची होती. दमलो म्हणून क्षणभर आडवा झालो त्या खाटेवर, आणि हिनं टीव्ही लावलेला होता. कोरा चहा असतो ना, तसा पडदा. आत काहीतरी हलत होतं, माणूस की झाड कळत नव्हतं. ही सोफ्यावर बसून खोखो हसत होती. आठ महिने ते त्याच्याकडे बघून हसले. मला लाज वाटते, साहेब. मेव्हण्याला सांगितलेलं नाही, हिलाही नाही, आणि तुम्हाला का सांगतोय देव जाणे — तुम्ही तर साधे गिऱ्हाईक, तेही टेप घेऊन आलेले.

काका, उठा बघू जरा. या, सावकाश, घाई नाही, हा हात धरा. इथं या खुर्चीत बसा, मधोमध. पाय सोडा पुढे. मासे आहेत ते, समुद्राच्या तळाशी, दुकानात दिवसभर तीच फिल्म पुन्हा पुन्हा लागते. — आणि तुम्ही जा त्या स्टुलावर. जा म्हणतो ना. बसा. नीट बसा, वाकून डोकावायचं नाही, ते डोकावले होते का? हां. आता सांगा, मासे किती आहेत? — कुठले मासे, म्हणता? मोठ्यानं बोला, काकांनाही कळू दे. — तेच तर सांगतोय केव्हाचा.

नाही, पावती आज फाडणार नाही. काळ्याची नाही, राखाडीचीही नाही. घरी जा, त्यांची जागा कुठली ते आधी ठरवा, त्या जागेवर स्वतः तासभर बसा, मग काढा तुमची टेप. उठा आता, गाडी घेऊन या दाराशी, आणि सावकाश आणा, टेकायला जागा मिळेल तिथं चहा प्या, काय वाटेल ते करा. — काका, तुम्ही कुठं उठताय? बसा. मासे संपायला वीस मिनिटं आहेत अजून.