सुईणीची सून

(कल्याणचं एक सूतिकागृह, दुपार. खाटेवर लक्ष्मी, कुशीत तीन दिवसांचा मुलगा. शेजारी सासू सगुणा, हातात तेलाची वाटी. समोर नर्स विमलाबाई.)

विमलाबाई : त्याच्या डोक्यावरचा हात काढा आधी.

सगुणा : हात नाय तं काय पाय ठेवू? बाय, याचं टकुरं बग. दुधीसारकं लांब झालंय. चिमटा लावून खेचलाव तुमी, आता गोल कोन करनार? तुजा डागदर?

विमलाबाई : आपोआप गोल होतं. आठ-पंधरा दिवस जाऊ द्यात.

सगुणा : मी दिवा गावची सुईन हाय. अर्ध्या गावाची डोकी या हातांनी गोल केलीत. तेल लावायचं, चारी बाजूंनी दाबायचं, नाक चिमटीत धरून सरल करायचं.

लक्ष्मी : म्हनून आख्ख्या गावात एकच नाक हाय.

सगुणा : तू गप. तुज्या माहेरी सुईन नव्हती ते तुज्या नाकावरनं कलतंय.

विमलाबाई : स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली, तरी तुमचं दाबणं चालूच. इकडे बघा. डावीकडे हा फुगवटा दिसतो? चिमट्याच्या पात्याचा दाब पडून कातडीखाली रक्त साठलंय. महिन्या-दोन महिन्यांत जिरेल. तुम्ही दाबलंत तर वाढेल, पिकेल. मग मूल हातचं जायला वेळ लागत नाही.

सगुणा : आनि रडताना तोंड वाकडं करतंय, एक डोला मिटत नाय, ते?

विमलाबाई : गालाजवळची नस दबलीय. बहुतेकांची सुधारते.

सगुणा : बहुतेकांची.

विमलाबाई : हो. खोटं सांगू का?

लक्ष्मी : माजी कुनाला पडलीय? खाली नऊ टाके हायत. बसवत नाय, हसवत नाय, आनि तुमी दोगी मना हसवताव.

सगुणा : चिमटा लावलाच नसता तं यातलं काय बी झालं नसतं.

विमलाबाई : लावला नसता तर काय झालं असतं, ते सुईणीला मी सांगायला हवं का? घरी किती वेळ ठेवलीत हिला?

सगुणा : खाडीला भरती नव्हती. होडी कशी निगेल?

लक्ष्मी : भरती दोनदा आलेली, आत्या. तुमचा ल्योक दोनदा होडी सोडायला गेलेला. दोनी टायमाला तुमीच त्याला मागं बोलावलाव.

विमलाबाई : का?

लक्ष्मी : सुईनीची सून दवाखान्यात गेली तं गाव काय बोलेल, म्हनून.

सगुणा : गावाचं राहू दे. मनाच वाटलेलं, आता होईल, मंग होईल. सगल्यांचं झालं माज्या हातात, घरच्या सुनेचं नाय होनार? मंग हिचे ओठ काले पडले. घाबरले मी, बाय. चालीस वर्सांत पयल्यांदा मना काय करावं ते कलेना.

विमलाबाई : मग आता ऐका माझं. घरी सोडायच्या आधी मला शब्द द्या, या डोक्याला दाबणार नाही.

सगुणा : शब्द देईन. हातांचा भरवसा नाय. पोर पायांवर आडवं पडलं की हे आपसूक डोक्यावर जातात.

लक्ष्मी : तं मी याला घेऊन माहेरी जाते.

सगुणा : तुजी आय सोताचं डोकं धड धूत नाय.

लक्ष्मी : दाबत तं नाय कुनाचं.

विमलाबाई : भांडा नंतर. हिचे टाके निघेपर्यंत बाळाला ओल्या फडक्यानं पुसा, तेही हलक्या हातानं. पुढं न्हाऊ कोण घालणार, ते मला आत्ता सांगा.

सगुणा : ही घालील.

लक्ष्मी : मना कुठं येतंय?

सगुणा : मी सांगीन ना. तू पायांवर घे त्याला. मी पानी ओतीन, लांबूनच.