दोन हॅगलंड, एक गाडी

हॅलो?… हो, बोल ना जोसी… नाही गं, बूट चढवतेय. संध्याकाळच्या वर्गाला जायचंय, पण आहे अजून वेळ. बोल.

काय?… कोणी सांगितलं तुला हे? मार्व्हाने?… वाटलंच मला. तू तिकडे ॲरिझोनात उन्हात बसलेली, आणि इथल्या बर्फातली बातमी तुला ताजी पोचते.

हो, होती. शनिवारी सकाळपासून माझी गाडी डेलकडेच होती. त्याच्या घरच्या गॅरेजमध्ये… अगं नाही, परत नांदायला नाही गेले. एकदा नवरा सोडला तो सोडला… त्याची बायको? ट्रुडी घरातच होती की. माझ्या शेजारी चाकापाशी बसली होती, कोपरापर्यंत काळी.

हसून घे आधी. मग सांगते…

झालं? ऐक आता. नाताळाच्या सुमाराला माझे ब्रेक करकरायला लागले. गॅरेजवाल्याकडे नेली गाडी, तर तो मला बालवाडीतल्या पोरीसारखं समजावायला लागला. घरात कोणी पुरुषमाणूस असेल तर पाठवा म्हणाला. डोकंच फिरलं माझं. आणि त्याच आठवड्यात कळलं, कम्युनिटी कॉलेजवाले आपल्या हायस्कुलात संध्याकाळी गाडीदुरुस्ती शिकवतात… हो, आपल्याच. आणि वर्कशॉपही तेच, जिथे आपल्याला पाऊल टाकू देत नव्हते. पोरं आत इंजिनं खोलायची आणि आपण समोरच्या खोलीत एप्रन शिवत बसायचो… तेच म्हणतेय ना, म्हणून तर नाव घातलं.

पहिल्या दिवशी आत शिरते, तर समोर ट्रुडी. तीही शिकायलाच आलेली. मी दारातूनच मागे फिरणार होते, पण तेवढ्यात मास्तरांनी हजेरी सुरू केली. क्विस्ट म्हणून आहेत, परगावचे, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. हॅगलंड नोरीन, हॅगलंड ट्रुडी, असं वाचलं आणि विचारतात, "बहिणी का तुम्ही?"

हो ना… वर्गातले निम्मे लोक आमच्याच चर्चचे, सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. ट्रुडीच म्हणाली, "तसंच काहीतरी." झालं, मास्तरांनी दोघी हॅगलंडना एकाच गाडीवर लावलं.

डेलचं आडनाव?… आता कशाला बदलू? मुलांचं तेच आहे.

नाही, सुरुवातीला कसलं बोलणं. पाना दे, हे धर, एवढंच. मास्तर म्हणायचे, किती शांतपणे काम करता हो तुम्ही दोघी… हो, हो… ऐक ना. मग एका संध्याकाळी चाकाचा नट अडकला. गंजून घट्ट बसलेला. पान्यावर लांब पाइप चढवला, दोघी त्याला लोंबकळलो, आणि नट सुटला तशा धपकन जमिनीवर. ती हसायला लागली, मग मीही. आणि हसता हसता ती रडायलाच लागली, जोसी.

डेलमुळे गं, दुसरं काय. पानगळीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला ते माहीत आहे ना तुला? उजवा हात गेला. बोलता येतं, पण बोलतच नाही. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून भिंतीवरच्या आपल्या गाडीदुरुस्तीच्या हत्यारांकडे बघत बसतो. चर्चला नाही, दुकानात नाही, घराबाहेर म्हणून पडत नाही. हिला वाटलं, आपण थोडं शिकू, त्याच्यासमोर काम काढू, म्हणजे न राहवून तोंड उघडेल. त्याला सांगून येत होती की चर्चच्या गायनाला जाते… हो, तिचा बेसूर गळा अख्ख्या गावाला माहीत आहे. त्यालाही असणारच.

आणि मग मला विचारते, "नोरीन, तो असा गप्प झाला की तू काय करायचीस?"

… हो, मलाच.

मी म्हटलं, "ते मला कळलं असतं तर तू आज हॅगलंड नसतीस."

नाही, राग कसला, परत हसलो दोघी. पण घरी आल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, शनिवारी माझी गाडी घेऊन येते, ब्रेक तुझ्याकडेच करू, त्याच्या डोळ्यांदेखत… मला काय पडलंय? पडलंय थोडं. मुलांचा बाप आहे तो. आणि खरं सांगू, ट्रुडी आवडायला लागलीय मला. हे मार्व्हाला नको सांगूस.

तर शनिवारी… हो, होता खुर्चीत. वाळलाय खूप. मला बघून मान हलवली, तेवढंच. आम्ही जॅक लावला, चाक काढलं. तो गप्प. जुने पॅड काढायला घेतले. गप्प. मग ट्रुडीने कॅलिपर, म्हणजे ते पॅड दाबणारं जड धूड, सोडवला आणि दिला तसाच सोडून, नळीवर लोंबकळत… ब्रेक ऑइलची नळी गं, रबरी असते, तिच्यावर भार येऊ द्यायचा नसतो. मास्तरांनी हजारदा सांगितलंय. ती विसरली की मुद्दाम केलं, मी अजून विचारलेलं नाही.

आणि मागून आवाज आला, "नळी फाटेल. तारेने बांध."

… हो, तोच. घोगरा झालाय आवाज. पण मग थांबेचना. उलटा धरलाय, उजेड अडवू नकोस, ही काय पद्धत झाली का पाना धरायची… दोघींना सारखंच झापत होता दुपारपर्यंत. पूर्वी त्याच्या त्या बोलण्याने माझं डोकं उठायचं. शनिवारी मात्र त्या थंडगार फरशीवर बसून इतकं बरं वाटत होतं मला, काय सांगू. ट्रुडीने माझा हात दाबला, ग्रीसने माखलेला. तो बोलतच होता.

ब्रेक ना? लोण्यासारखे लागतात.

थांब हं… ट्रुडी आली वाटतं, आज मला घेऊन जाणार आहे वर्गाला. खिडकीतून बघते… जोसी, पुढच्या सीटवर कोणीतरी आहे… डेल आहे गं. डेल आलाय… माहीत नाही, मला काही बोलली नव्हती ती.

दार उघडलंय त्याने. काठी टेकवतोय… मागे जाऊन बसायचं असणार, पुढची जागा मला द्यायला… नाही, ट्रुडी नाही उतरली. स्टिअरिंग धरून समोर बघत बसलीय… बर्फ आहे, दिसतंय मला. नाही, मीही नाही जात. उतरू दे त्याचं त्याला… गाडीला धरून चाललाय… मागचं दार उघडलं… एक पाय आत…

बसला. बसला गं.

आता काच खाली करून काहीतरी ओरडतोय… वर्गाला उशीर होतोय म्हणतोय, मला. चल, ठेवते.